कापडाला आधी विचार

काका गेल्यापासून चिमटा कुणाशी धड बोलली नव्हती. बोलली ती भांडलीच. भेटायला आलेल्या एका बाईने "देवमाणूस होते हो" असं म्हणून डोळ्याला पदर लावला, तर चिमटाने तिला विचारलं, "तुम्हाला कधी शिव्या घातल्या नाहीत वाटतं? मग तुमची त्याची ओळखच नव्हती." दुसरा एक जण "सुटले बिचारे" असं पुटपुटला. त्याला म्हणाली, "तुम्ही कधी सुटताय?" चार दिवसांत शेजारीपाजारी शहाणे झाले. सांत्वनाला जायचं तर दाराजवळची खुर्ची धरायची आणि चप्पल पायातून पूर्ण काढायची नाही.

हे टोपणनाव तिला काकानेच दिलेलं. चिमटा म्हणजे दोरीवरच्या कपड्यांना लावतात तो. एकदा धरलं की वारा येवो, वादळ येवो, सोडायचं नाही. आणि उगाच बोट घातलं की कळवळायला लावायचं. काकाच्या थोरल्या भावाची ही मुलगी कपडे धुण्याच्या दुकानात कामाला लागली तेव्हा विशीत होती. आता केस पांढरे व्हायला लागले होते, तरी सगळ्या गल्लीला ती चिमटाच. खरं नाव पगाराच्या पाकिटावर असायचं, आणि ते वाचून ती स्वतःच क्षणभर थबकायची म्हणे.

काकाला गल्ली म्हणायची डागकाका. दुकानात पुढे काउंटर, मध्ये लटकलेल्या कपड्यांचं रान, मागे वाफेची इस्त्री. आणि उजेडाच्या खिडकीखाली डागांचं टेबल. टेबल कसलं, बैलाच्या जिभेसारखी एक लांब निमुळती फळी. तिच्यावर कपडा ताणायचा आणि डागाशी बोलणी सुरू करायची. बाजूला अकरा बाटल्या. एकीवरही चिठ्ठी नाही, बुचांवर नुसत्या खाचा. तीन खाचांची बाटली चहाकॉफीची, पाच खाचांची शाईची. सात खाचांच्या बाटलीला काकाशिवाय कुणी हात लावायचा नाही, आणि काकासुद्धा तिला हात लावण्याआधी खिडकी उघडायचा. दोन ब्रश, एक हाडाची पट्टी, दोन स्टुलं. काकाचं उंच, चिमटाचं बुटकं. बावीस वर्षं झाली तरी तिला उंच स्टूल मिळालं नाही. "शिकाऊ माणसाने खालीच बसावं," काका म्हणायचा. "वरून पडलं की लागतं."

गल्लीतल्या निम्म्या घरांची गुपितं या फळीवरून गेली होती. पथ्यावर असलेल्या मास्तरांच्या बाहीला लोणी, दारू सोडलेल्याच्या खिशाला दारू, आणि सासूच्या नावाने बोटं मोडणाऱ्या सुनेच्या ओढणीवर, सासू दवाखान्यात असताना, काजळ वाहिल्याचे डाग. काका डाग हुंगायचा, नखाने खरवडायचा, आणि "हं" म्हणायचा. एवढंच. त्या "हं"च्या पुढचं ऐकायला गल्ली तडफडत होती. आडवळणाने विचारून पाहिलं, बिस्किटं देऊन पाहिली. "डाग गेला," तो म्हणायचा. "गेलेल्याविषयी काय बोलायचं?" गल्लीने याला माणुसकी म्हणावं की नुकसान, हा प्रश्न अजून सुटलेला नाही.

कामाचा त्याचा नियम एकच. कापडाला आधी विचारायचं. म्हणजे औषध डागावर टाकण्याआधी त्याचा एक थेंब आतल्या शिवणीत, जिथे कुणाची नजर जात नाही तिथे, टाकायचा. मग हाताची घडी घालून बसायचं. रंग हलला नाही, तर कापडाने हो म्हटलं. हलला, तर बाटली बदलायची. मालक काउंटरवरून ओरडू दे, गिऱ्हाईक गाडी सुरू ठेवून बाहेर उभं राहू दे. "लग्नाला मुलीला विचारत नाहीत ते मूर्ख," तो म्हणायचा, "आणि धुण्याआधी कापडाला विचारत नाहीत ते महामूर्ख."

आणि काम झालं की आतल्या काठाला दोऱ्याचा एक टाका घालायचा. काकाचा निळा, चिमटाचा पिवळा. कुणी काय केलं ते कपड्यालाच लिहून ठेवायचं, म्हणजे उद्या कपडा तक्रार घेऊन परत आला तर तोंडं बघत बसायला नको. काकाच्या टाक्याला दुहेरी गाठ असायची, चिमटाची एकेरी. त्यावरूनही भांडण. त्यांचं भांडण नाही असा दिवस गेला, की मागचा इस्त्रीवाला काळजीने डोकावून बघायचा, दोघांपैकी कुणाला ताप तर नाही ना.

असा हा काका. त्याला शेवटचे दोन महिने मालकाने टेबलावरून उठवून काउंटरवर बसवलं. पावत्या लिहायला. ज्याचं अक्षर त्याच्या बायकोलाही लागत नव्हतं, त्याला पावत्या लिहायला!

कारण झालं ते एका कोटाचं. पलीकडच्या इमारतीतल्या वकीलबाईंचा पांढरा लोकरी लांब कोट, कॉलर गर्द लाल. कॉलरखाली शाईचा डाग. डाग गेला, पण कोट वाळता वाळता कॉलरचा रंग सुटला आणि दोन्ही खांद्यांवर उतरला, नाक फुटल्यावर सदऱ्यावर उतरावा तसा. वकीलबाईंनी कोट काउंटरवर टाकला तो परत उचललाच नाही. मालकाने विचारलं, कुणी केलं? काका म्हणाला, "मी. हात घसरला."

चिमटा तेव्हा दोन दिवस दाढ काढून घरी पडली होती. सुजलेला गाल घेऊन कामावर आली तर काका काउंटरवर, आणि कोट गडद पिशवीत, शेवटच्या आकड्याला लटकवलेला. काकाने तिला बघूही दिला नाही.

"तुझा हात घसरला?" ती म्हणाली. "पायऱ्यांवरून पाय घसरला म्हण, तुझी अक्कल घसरली म्हण, मी मानेन. कापडाला न विचारता तू औषध टाकलंस?"

"टाकलं. म्हातारा झालो."

"कधीपासून?"

"मंगळवारपासून. जा, काम कर."

चिमटाने त्याच दिवशी ठरवून टाकलं: हे मालकाचं काम आहे. घाईच्या दिवशी मालकाला अधूनमधून टेबलावर लुडबुडायची खोड होतीच. नाहीतर इस्त्रीवाल्याने ओल्या कॉलरवर वाफ सोडली असेल. आणि काका त्यांच्यावर पांघरूण घालतोय. दोन महिने ती दोघांशी दात खाऊन वागली. मग काकाची छाती भरली, आठवडाभर दवाखाना झाला, आणि काका गेला. गेला तो पावत्या लिहिणारा म्हणून. चिमटाच्या घशात अडकलं होतं ते हे, मरण नव्हे.

रविवारी दुपारी दुकान बंद ठेवून मालकाने आठवणींची सभा ठेवली. कपड्यांचे आकडे एका बाजूला सरकवले, पंधरा खुर्च्या मांडल्या, काउंटरवर काकाचा फोटो ठेवला. फोटोत काका हसत होता, म्हणजे फोटो काढणाऱ्याने बराच दम दिला असणार. चिमटा खुर्च्या पुसत होती. म्हणजे त्यांना फटके मारत होती. मालक काळा कोट घालून जवळ आला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "हे बघ, वकीलबाई येणार आहेत."

"कशाला? काका मेला याची खात्री करायला?"

"तोंड आवर. त्या तुटल्यापासून त्यांच्या अख्ख्या इमारतीचं धुणं गेलं. मी दोन शब्द बोलणार आहे. शेवटी शेवटी बिचाऱ्याचा हात चालत नव्हता, पण आता टेबलावर नवा, खात्रीचा हात आहे, असं. तू फक्त मान हलव."

"आणि नाही हलवली तर?"

"तर डाग उद्यापासून बाहेरच्या कारखान्यात. फळी मोडीत. तुला मागे इस्त्रीला उभी करतो." मालकाने आवाजात साखर घातली. "हलवलीस तर टेबल तुझं. उंच स्टुलासकट."

चिमटाने फडकं खाली टाकलं. "आधी कोट दाखवा."

"कुठला कोट?"

"तुमच्या अंगावरचा नाही. तो बघण्यासारखा नाही."

मालक अडवायच्या आत ती शेवटच्या आकड्यापाशी पोचली होती. पिशवीवर मालकाच्या अक्षरात चिठ्ठी टाचलेली: खराब – डागकाका. इस्त्रीवाला मागच्या दारातून ओरडला, "मी हात नाही लावला हां! आधीच सांगतो!"

"तुला कुणी विचारलं?"

"तू विचारणारच आहेस. तुझ्या नाकपुड्या बघ."

तिने कोट काढला, खिडकीखाली नेला आणि फळीवर पसरला. कॉलर उलटी केली, आतली शिवण बोटांनी फाकवली. थेंबाची खूण नव्हती. इकडे नाही, तिकडे नाही. कापडाला कुणी विचारलंच नव्हतं. चिमटाच्या चेहऱ्यावर चार दिवसांत पहिल्यांदा आनंद दिसला, मांजराला उघडी खिडकी दिसावी तसा. म्हणजे काकाचं काम नाही! चाळीस वर्षांत काकाने एक रुमालही विचारल्याशिवाय धुतला नव्हता. मालकाकडे वळून तोंड उघडणार, तेवढ्यात हात सवयीने खालच्या काठाकडे गेला. टाका बघायला.

टाका निळा होता. दुहेरी गाठ.

आणि त्या टाक्याला खेटून दोन बारीक भोकं. सुई जाऊन आलेली, दोरा नसलेली. एका भोकात एक तंतू अडकला होता, पापणीच्या केसाएवढा. पिवळा.

चिमटा उभी होती ती काकाच्या उंच स्टुलावर बसली. बसली हेही तिला कळलं नाही.

दाढ काढायच्या आदल्या दुपारी कोटांची रांग लागली होती. थंडी अचानक पडली म्हणून सगळ्या गल्लीने कपाटं उपसली होती. काका खोकत स्टुलावर बसलेला, आणि चिमटा एका बैठकीत तेवीस कोट काढत होती, गालात दाढ ठणकत असताना. एक पांढरा होता. शाईचा डाग होता. पाच खाचांची बाटली तिने सरळ उपडी केली होती. आणि शेजारून काकाने विचारलं होतं, खोकल्याच्या दोन उबळींमध्ये, "विचारलंस?"

"हो," ती म्हणाली होती. मान वर न करता. "कितीदा तेच तेच."

"कळलं का आता?" मागून मालक म्हणाला. "निळा आहे ना?"

"आहे," चिमटा म्हणाली. तिने कोट पिशवीत घातला.

लोक आले. काकू आली, वाळक्या अंगाची, कोरड्या डोळ्यांची. रडायचं काम नवरा असतानाच उरकून टाकलंय, असं ती स्वतःच सांगायची. पहिल्या रांगेत बसली. वकीलबाई आल्या आणि हातातली पिशवी मांडीवर धरून, जायच्या बेतात असाव्यात तशा बसल्या. चहा फिरला. कुणी म्हणालं काका शांत होता, कुणी म्हणालं काका गोड बोलायचा. फोटोतल्या काकालाही हे जड जात असावं. एरवी चिमटाने एकेकाला सोलून काढलं असतं. आज ती भिंतीला टेकून गप्प होती. इस्त्रीवाला हळूच तिच्यापासून दोन पावलं लांब सरकला.

मग मालक उभा राहिला. एका हातात कप, दुसरा हात छातीवर. "चाळीस वर्षं त्यांनी या दुकानाला दिली," तो म्हणाला. "पण वय कुणाला चुकलंय? शेवटी हात थरथरायचा. एका चांगल्या गिऱ्हाईकाचं नुकसान झालं, याचं त्यांना फार वाईट वाटायचं. आज टेबलावर त्यांनीच तयार केलेला नवा हात आहे. काय गं?"

सगळ्यांनी चिमटाकडे बघितलं. टेबल खिडकीखाली होतं, त्याच्यावर उन्हाचा तुकडा पडला होता, अकरा बाटल्या चमकत होत्या. बावीस वर्षं बुटक्या स्टुलावर काढल्यावर ते उंच स्टूल किती उंच दिसतं, हे ज्याने बुटक्यावर काढली त्यालाच माहीत.

तिची मान हलली. थोडीशी, पण हलली.

मालक खूश झाला, आणि खूश झालेली माणसं करतात तीच चूक त्याने केली: आणखी एक वाक्य बोलला. "अहो, शेवटी शेवटी तर," तो वकीलबाईंना म्हणाला, "त्यांना कापडाला विचारायचंसुद्धा भान उरलं नव्हतं."

"खोटं आहे," चिमटा म्हणाली.

"अगं—"

"विचारलं नाही ते मी. तो कोट मी केला." तिने शेवटच्या आकड्याकडे बोट केलं. "काकाने मला विचारलं, मी हो म्हणाले. खोटं बोलले. हा म्हातारा माझा पिवळा टाका उसवून स्वतःचा निळा घालून बसला. थरथरत होता म्हणे हात! त्या हाताने लोकरीतून टाका उसवला तो दोन महिने कुणाला दिसला नाही. तुमचा धडधाकट हात साधा कप धरू शकत नाही, बघा."

मालकाचा कप खरोखरच कलला होता. चहा काळ्या कोटाच्या छातीवरून सावकाश खाली चालला होता.

मग काकू बोलली, जागेवरूनच. "मला माहीत होतं."

"काय?"

"रंग सुटला त्या दिवशी घरी आला तो हसतच. म्हणाला, पोरगी बावीस वर्षांत पहिल्यांदा खोटं बोलली, आणि ते इतकं वाईट, की ऐकून कोटच लाजेने लाल झाला."

इस्त्रीवाल्याच्या नाकातून एक आवाज आला. त्याने तो खोकल्यात लपवला.

"आणि तू मला सांगितलं नाहीस?" चिमटा काकूवर उलटली. "दोन महिने मी या दोघांना शिव्या घालत फिरले! तो तिथे पावत्या खरडत बसला होता, आणि तू घरी बसून हसत होतीस?"

"मी म्हटलं त्याला, सांग तिला. तर म्हणाला, सांगितलं तर ती तोंड उघडेल, आणि तिचं टेबल जाईल. माझं तर जायचंच आहे." काकूने चहाचा घोट घेतला. "बघ, बरोबर बोलला की नाही. पाच मिनिटंही गप्प बसवलं नाही तुला."

"मेला!" चिमटा म्हणाली. जिवंतपणी दिवसातून दहा वेळा ती त्याला हेच म्हणायची, आणि काका "अजून नाही" म्हणायचा. आज उत्तर आलं नाही. तिने फोटोकडे अशा नजरेने बघितलं, की पहिल्या रांगेतल्या दोन बायांनी खुर्च्या मागे घेतल्या. "कुणी सांगितलं होतं तुला? मी मागितलं होतं? विचारायचंस तरी मला! कापडाला विचारतोस, माणसाला नाही विचारता येत?"

वकीलबाई उठल्या. "कोट सुधारेल?"

"नाही. मेला तो. मी मारला."

वकीलबाईंनी हातातली पिशवी खांद्याला अडकवली. "बरं झालं कळलं," त्या म्हणाल्या आणि निघून गेल्या. पुन्हा येणार की नाही, ते चेहऱ्यावरून कुणाला वाचता आलं नाही. वकिलाचा चेहरा तो.

मालकाने कप काउंटरवर आपटला. "फळी उद्या मोडीत जाईल," तो म्हणाला. "ऐकलंस? उद्या!"

"ऐकलं. आज रविवार आहे."

चिमटा शेवटच्या आकड्यापाशी गेली. पिशवीवरच्या चिठ्ठीतला "डागकाका" तिने पेनाने असा खोडला, की कागद फाटला. खाली लिहिलं, चिमटा. मग काउंटरपाशी आली आणि मालकापुढे हात पसरला.

"काय?"

"कोट काढा. चहा वाळला की मग माझ्या नावाने ओरडू नका."

"तुझ्या हातात देऊ? तुझ्या?"

"मग घालून बसा तसाच. कारखान्यात पाठवा. त्यांना गुरुवारशिवाय वेळ नसतो."

मालकाने खाली बघितलं. कोट चांगला होता, चहा दुधाचा होता, आणि सभेला आलेले सगळेजण आता गेलेल्याला विसरून त्याच्याकडेच बघत होते. त्याने एक बाही काढली, मग दुसरी.

चिमटाने कोट फळीवर ताणला. उंच स्टूल पायाने बाजूला सारलं, आपलं बुटकं ओढलं आणि बसली. तीन खाचांची बाटली उचलली. काठ उलटा करून, आतल्या शिवणीत, एक थेंब टाकला. बूच लावलं आणि हाताची घडी घातली.

"मग?" थोड्या वेळाने मालक म्हणाला. शर्टातला मालक एरवीच्या मालकापेक्षा बराच लहान दिसत होता. "पुढे?"

"विचारलंय," चिमटा म्हणाली. "उत्तर येईपर्यंत तोंड बंद ठेवा."

पुढच्या रांगेतून काकूने तिला आपल्या मुठीतला ओलसर रुमाल दिला. चिमटाने तो घेतला आणि त्याने नाक पुसायच्या आधी, उगाचच, तो हुंगून बघितला.

"हं," ती म्हणाली. एवढंच.